पागोटे आणि प्रार्थना

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेत बहुतेक जण आठवणी लिहितात आणि त्या वाचायला आपल्या सगळ्यांनाच आवडतात. मी मात्र संपादक मंडळाची परवानगी घेऊन इतिहासातल्या एका छोट्या प्रश्नावर लिहितो आहे. ख्रिस्ती पुरुषाने उपासनेच्या आणि धर्मग्रंथाच्या अभ्यासाच्या वेळी डोके झाकावे की उघडे ठेवावे, हा तो प्रश्न. पहिल्या वाचनात तो आपल्यापासून फार दूरचा वाटेल. पण मराठी मुलखात हा प्रश्न खऱ्या माणसांच्या खऱ्या डोक्यांवर येऊन बसला होता. तो समजून घेताना आपण शुक्रवार पेठेतल्या आपल्या शाळेत एका रांगेत कसे उभे राहत होतो, तेही थोडे समजते.

आधी मराठी डोक्याविषयी. आपल्याकडे डोक्यावरचे वस्त्र म्हणजे माणसाची अब्रू. एखाद्यापुढे अगदी हतबल झालेला माणूस त्याच्या पायावर पागोटे ठेवतो. भर सभेत कोणाची पगडी उडवली, तर तो अपमान पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतो. जुन्या काळी पोरगा उघड्या डोक्याने बाहेर निघाला की घरातली म्हातारी ओरडायची, "असा बोडका कुठे निघालास? कोणी गेलंय का?" कारण बोडके डोके ही सुतकाची खूण होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कोणत्याही मराठी शाळेचा वर्गफोटो काढून पाहा. मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत टोप्याच टोप्या, आणि मधोमध खुर्चीवर बसलेले गुरुजी टोपीत, फेट्यात नाहीतर पगडीत. शिकायला बसायचे तेही डोके झाकूनच. देवळात, मोठ्यांच्या बैठकीत किंवा पंगतीत जाताना पायातले जोडे बाहेर राहत आणि डोक्यावरचे वस्त्र डोक्यावरच राहत असे.

या मुलखात अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे उभारले. १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मिशन सोलापुरातही स्थिरावले. या पाद्र्यांचा रिवाज आपल्या बरोबर उलटा होता. देवाच्या घरात शिरताना ते हॅट काढून हातात घेत आणि बूट पायात ठेवत. एकाच दारातून दोन माणसे आत शिरतात, दोघांच्याही मनात सारखाच आदर असतो, पण एक पायातले काढतो आणि दुसरा डोक्यावरचे. पाद्र्याच्या डोळ्यांना पागोटे घालून प्रार्थना करणारा माणूस उद्धट दिसणार, आणि आपल्या माणसाला बूट घालून उपासनेला उभा राहणारा पाद्री अमंगळ वाटणार.

सरकारी कचेऱ्यांतही हाच पेच होता. तिथे इंग्रजांनी ठरवून टाकले होते की देशी माणसाने देशी पद्धतीनेच आदर दाखवावा, म्हणजे पागोटे ठेवावे आणि जोडे काढावेत. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला आणि त्यावरून मोठा गाजावाजा झाला. कचेरीतला वाद निदान साहेबाच्या मानापुरता होता. चर्चमध्ये साक्षात शास्त्रवचन समोर होते.

हे वचन नव्या करारात आहे. करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या अकराव्या अध्यायात तो सांगतो की प्रार्थना करताना किंवा देवाचा संदेश सांगताना पुरुषाने डोके झाकले तर तो आपल्या मस्तकाचा अपमान करतो, आणि स्त्रीने न झाकले तर ती करते. पाश्चात्त्य चर्चची टोपी काढण्याची रीत याच वचनाच्या आधारावर उभी आहे. आजही मराठी चर्चमध्ये पुरुषांची डोकी उघडी आणि बायकांच्या डोक्यावर पदर दिसतो, तो याच आधाराने.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पत्र वाचताना ते कोणाला पाठवले होते हेही पाहावे. जुने ग्रीक करिंथ रोमनांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४४ मध्ये ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. रोमन माणूस देवाला आहुती देताना अंगावरच्या वस्त्राचा पदर डोक्यावर ओढून घेत असे. ग्रीकांची पद्धत उघड्या डोक्याने पूजा करण्याची होती. करिंथच्या उत्खननात सम्राट ऑगस्टसचा डोक्यावर वस्त्र घेतलेला पुतळा सापडला आहे. म्हणजे पौलाच्या वाचकांना ‘झाकलेले डोके’ म्हणताच रोमन यज्ञातला यजमान आठवत असणार. ज्यू पुरुषांनी प्रार्थनेच्या वेळी डोके झाकायचे हा नियमही त्या काळी आजच्यासारखा पक्का झालेला नव्हता, तो नंतर रुजला. विशेष म्हणजे तो सारा वाद संपवताना पौल स्वतःच मंडळ्यांच्या रिवाजाकडे बोट दाखवतो.

जुना करार उघडला तर चित्र आणखी बदलते, आणि ते मराठी डोळ्यांना चटकन ओळखीचे वाटते. जळत्या झुडपापुढे देव मोशेला सांगतो की पायातले जोडे काढ, कारण ही भूमी पवित्र आहे. डोक्याविषयी तिथे एक शब्दही नाही. मोशेचा भाऊ अहरोन पहिला महायाजक. त्याच्या सेवेच्या पोशाखात शिरोवस्त्र सक्तीचे आहे आणि त्यावर सोन्याची पट्टी बांधलेली आहे. मराठी बायबलमध्ये या शिरोवस्त्राला ‘मंदील’ हा शब्द आला आहे. मंदील म्हणजे जरीचे, दरबारी पागोटे. पुढे यहेज्केल संदेष्ट्याची बायको वारते तेव्हा देव त्याला शोक करू देत नाही, म्हणून पागोटे बांधून आणि जोडे घालून राहायला सांगतो. याचा अर्थ त्या समाजातही सुतकातला माणूस उघड्या डोक्याने आणि अनवाणी पायांनी बसत असे. आपली म्हातारी पोराला जे बोलायची, ते यहेज्केलच्या आईलाही लगेच कळले असते.

थोडक्यात, पागोटे ठेवून आणि जोडे बाहेर काढून आत येणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या पाठीशी मोशे आणि अहरोन दोघेही उभे होते, आणि टोपी काढणाऱ्या पाद्र्याच्या पाठीशी पौल. दोघांच्या हातात एकच पुस्तक होते.

ही अडचण आपल्याकडेच आली असे नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये गेलेल्या जेझुइट पाद्र्यांपुढेही ती आली. चीनमध्ये वरिष्ठांपुढे उघड्या डोक्याने जाणे हा उद्धटपणा होता. मग देवापुढे तसे कसे उभे राहायचे? त्यांनी रोमला विचारणा केली आणि १६१५ साली पोप पाचवा पॉल याने चीनमधल्या पाद्र्यांना डोक्यावर टोपी ठेवून मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. त्यासाठी ‘जीजिन’ नावाची खास चौकोनी टोपी वापरात आली. तीच मुभा देताना पोपने पूजेत चिनी भाषा वापरण्यालाही परवानगी दिली. चिनी माणसाशी चिनीत बोलायचे, तर आदरही त्याच्याच भाषेत दाखवायला हवा, हे रोममध्येही कोणाच्या तरी लक्षात आले होते.

त्याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या शेजारचे आहे. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या हुकुमाने तिथल्या ख्रिस्ती लोकांना धोतर-चोळीसारखे देशी कपडेच नव्हे, तर लग्नातल्या आणि घरातल्या अनेक देशी चालीरीतीही बंद केल्या. धर्म बदलला म्हणजे कपडाही बदललाच पाहिजे, असे ते धोरण होते. मराठी मुलखात आलेल्या मिशनांपुढे हे दोन्ही रस्ते होते.

शिवाय पाश्चात्त्य चर्चमध्येही सगळ्यांची डोकी नेहमी उघडी नव्हती. कॅथोलिक बिशप उंच मुकुटासारखी टोपी घालून वेदीकडे येतात, ती घालूनच बसतात, आशीर्वाद देतात, आणि मुख्य प्रार्थनेच्या वेळी ती उतरवतात. त्याखालची छोटी गोल टोपीही मिस्सेच्या सर्वांत पवित्र भागात डोक्यावर राहत नाही. केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स बिशपांच्या डोक्यावर उपासनेत ‘मस्नप्सा’ नावाचे शिरोवस्त्र असते आणि या नावाचे नाते अहरोनाच्या शिरोवस्त्राच्या हिब्रू नावाशी आहे. इंग्लंडच्या चर्चने १६०४ च्या नियमावलीत उपासनेच्या वेळी कोणाही पुरुषाने डोके झाकू नये असे लिहिले, पण आजारी माणसाला झोपायची टोपी घालायची सवलत ठेवली. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी चर्चमधली दृश्ये रंगवली आहेत. त्यांत प्रवचन ऐकणारे पुरुष खुशाल हॅट घालून बसलेले दिसतात. प्रार्थना सुरू झाली की हॅट उतरायची.

या सगळ्यातून एक रेघ स्पष्ट दिसते. देवाकडे मागायला उभे राहताना डोके उघडे, आणि शिकवताना-शिकताना डोके झाकलेले. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत विद्वानाला शिकवण्याचा अधिकार मिळाला की त्याच्या डोक्यावर समारंभाने टोपी चढवत. कॅथोलिक पाद्र्यांची चौकोनी ‘बिरेटा’ आणि पदवीदान समारंभातली सपाट चौकोनी टोपी ही त्याच घराण्यातली भावंडे. टोपी म्हणजे शिकवणाऱ्याचा अधिकार.

आता आपल्या कीर्तनाकडे वळू. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहतो तेव्हा त्याचे पाय अनवाणी आणि डोक्यावर पगडी किंवा फेटा असतो. तो शिकवायला उभा असतो. तोच माणूस आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात पांडुरंगाच्या पायावर डोके टेकवायला गेला की टोपी आपोआप हातात येते. शिकवताना झाकलेले आणि शरण जाताना उघडे, हा फरक आपल्याकडेही होता. तो कोणी पत्रात लिहून ठेवला नव्हता, एवढेच.

मराठी ख्रिस्ती मंडळीने हा धागा फार लवकर पकडला. १८५४ साली अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा देशी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८६० च्या दशकात त्याच अहमदनगर भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तने सुरू केली. विषय येशूचा, पण पूर्वरंग-उत्तररंग, टाळ आणि साकी-दिंडी आपल्याच. मिशनच्या जुन्या समूहचित्रांत देशी पाळक आणि शिक्षक अंगरखा-उपरणे घालून, पागोटी बांधून बसलेले दिसतात. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हाच विचार पुरता शेवटाला नेला. त्यांनी अभंगांच्या आणि भजनांच्या चालीवर उपासनेची गीते रचली, मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, हे आयुष्यभर सांगितले. १९१९ मध्ये ते गेले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली आहेत, त्यामुळे त्या घराची ओळख वेगळी करून द्यायला नको.

मात्र टिळक, मोडक आणि खिस्ती हे ब्राह्मण घरातले होते. पगडी त्यांना जन्माने मिळाली होती. मराठी मंडळीतले बहुसंख्य लोक महार आणि मांग वस्त्यांमधून आले होते, आणि या विषयातली सर्वांत जड बाजू त्यांची आहे. गावात त्यांनी कोणता कपडा घालायचा, पाटलाच्या वाड्यापुढून कसे चालायचे, कोणापुढे किती वाकायचे हे दुसरेच ठरवत. नीट बांधलेले पागोटे घालून ताठ बसण्याचा हक्क अनेक गावांत त्यांना नव्हता. अशा माणसाला मिशनच्या शाळेत पाटी मिळाली, नाव लिहायला शिकवले, आणि रविवारी तो धुतलेले पागोटे बांधून सगळ्यांच्या बरोबरीने सतरंजीवर बसला. त्या पागोट्याचे त्याच्या लेखी मोल काय असेल, याचा विचार करा. त्याला "देवापुढे हे काढ" म्हटले तर ऐकू काय येणार? गावचा पाटील जे म्हणायचा तेच. आणि न काढू दिले तर पौलाचे वचन बाजूला राहणार. गोरा पाद्री हॅट काढत होता ती स्वतःचा मोठेपणा देवापुढे खाली ठेवण्यासाठी. ज्याला मोठेपणा कधी मिळालाच नव्हता त्याने काय खाली ठेवायचे, हा प्रश्न ग्रंथात सुटणारा नव्हता.

पुढे कोणा सभेने निकाल देण्याआधी काळानेच हा वाद मिटवला. विसाव्या शतकात पगडी जाऊन टोपी आली आणि शतकाच्या मध्यानंतर शहरांतली टोपीही गेली. सगळ्याच मराठी पुरुषांची डोकी उघडी झाल्यावर चर्चमधल्या डोक्यांकडे कोण बघणार? आज शहरातल्या चर्चमध्ये पुरुष उघड्या डोक्यानेच बसतात. पण गावाकडच्या अनेक मंडळ्यांत चपलांची रांग अजूनही दाराबाहेर लागते. म्हणजे दोन रिवाजांतला एक पौलाच्या बाजूने सुटला आणि दुसरा मोशेच्या. दोन्ही मिळून जे उरले ते अस्सल मराठी आहे.

डोक्यावरचे वस्त्र दुसऱ्याच्या हुकुमाने उतरले की काय होते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. मे १९३० मध्ये आपल्या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्या दिवसांत रस्त्यावर गांधी टोपी दिसली की शिपाई ती काढायला लावत, हे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळदा सांगितले आहे. त्या लढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. चौघांची घराणी आणि प्रार्थनेच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या, पण टोपीवरचा तो घाला सगळ्या शहराला आपल्याच डोक्यावर झाल्यासारखा वाटला. त्याच्या २६० वर्षे आधी, १६७० मध्ये, लंडनच्या न्यायालयात क्वेकर पंथाचा विल्यम पेन याच्या डोक्यावर न्यायाधीशाच्या हुकुमाने हॅट चढवली गेली आणि मग ती काढली नाही म्हणून त्यालाच दंड झाला. हे क्वेकर माणसापुढे हॅट काढत नसत, पण प्रार्थनेत देवापुढे काढत. टोपी कोणापुढे उतरवायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, एवढेच पेनचे म्हणणे होते.

आपल्या वर्गातही हे सगळे होते, फक्त त्याकडे आपण इतिहास म्हणून पाहिले नाही. धोतर-टोपीतले गुरुजी सकाळच्या प्रार्थनेला टोपी डोक्यावर ठेवूनच हात जोडत. मुसलमान मित्र शुक्रवारच्या नमाजाला निघताना खिशातली टोपी काढून डोक्यावर चढवायचा. ख्रिस्ती मित्राचे वडील चर्चच्या दारात टोपी काढून आत जायचे. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे बालवीर टोपी घालूनच सलाम ठोकत आणि आपण बाकीचे उघड्या डोक्याने उभे असू. कोणी कोणाला "असे का?" म्हणून हिणवल्याचे मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत मात्र एकमेकांच्या टोप्या उडवायला धर्माची अट कधीच नव्हती.

या मेळाव्यात आपण दिवंगत शिक्षकांना आणि आपल्यातून गेलेल्या मित्रांना उभे राहून आदरांजली वाहणार आहोत. आता आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर केसही राहिलेले नाहीत, तर पागोटे कुठून असणार? तरी कोणी उन्हाची टोपी काढून हातात घेईल, कोणी खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकील, कोणी नुसतीच मान खाली घालील आणि एखादा चपला बाजूला सरकवील. ज्यांनी आपल्याला अक्षरओळख दिली त्या गुरुजनांना यातला प्रत्येक नमस्कार पोचेल. त्यांनी आपल्याला शिकवले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी होती, आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी काय रिवाज आहे हे त्यांना ठाऊक होते.